चैतराम पाटलाची जिवंत तेरवी

मोहबांधात चैतराम डोंगरवारांच्या हाती सत्ता अशी काहीच नव्हती, आणि ती त्यांनी आयुष्यभर फार जपून वापरली.

मोहबांध हे अर्जुनीच्या बाजूचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं गाव. तिथला तलाव डोंगरवारांच्या कोण्या पूर्वजानं बांधलेला. कोहळी माणूस तो, तलाव बांधणाऱ्या जातीतला. दोन टेकड्यांच्या मधून पाणी फुकट वाहून जाताना दिसलं की त्या घराण्यात कोणाला झोप येत नसे. पुढे मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला, शेती भावाभावांत वाटली गेली आणि चैतराम पाटलांच्या वाट्याला उरला तो फक्त मान. पोळ्याचं तोरण त्यांनी तोडायचं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, पहिला नारळ त्यांनी फोडायचा. गावात लग्न लागलं की पहिली अक्षता त्यांची. आणि निवडणूक आली की सरपंचपदाच्या उमेदवारानं त्यांच्या हातचा विडा घेतल्याशिवाय अर्ज भरायचा नाही.

विडा ते सगळ्यांनाच देत. त्यामुळे पाटलांचा उमेदवार आजवर कधीच पडला नव्हता.

हा मान त्यांना जिवापेक्षा प्यारा होता. हे वाक्य लोक उगाच कोणाहीबद्दल बोलतात. चैतराम पाटलांच्या बाबतीत ते तपासून पाहण्याची वेळ आली.

झालं असं की तलावातले मासे संपत आले. मासेमारीचा ठेका कागदावर ढिवरांच्या सोसायटीकडे होता आणि सोसायटी होती योगराजच्या खिशात. योगराज हा गावचाच ठेकेदार. गोंदियात त्याची ऊठबस, त्यामुळे अर्धं हिंदीत बोलायचा आणि उरलेलं मोबाइलवर. त्यानं मच्छरदाणीसारखं बारीक जाळं आणलं. त्या जाळ्यातून पाणीसुद्धा परवानगी घेऊन जायचं. आषाढात देशी मासे उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात. योगराज नेमका तेव्हाच जाळं टाकी, आणि मोठ्यांबरोबर बोटाएवढी पिल्लंही सुकवून विकी.

ढिवरांच्या बायकांची पुढारी धुरपता. टोपली डोक्यावर घेऊन चार गावं फिरणारी, आणि तोंड असं की गिऱ्हाईक भाव करण्याआधीच पैसे काढी. तिच्या टोपलीत आता बाहेरून विकत आणून तलावात सोडलेले मासे तेवढे असत. देशी मरळ दिसत नव्हती, शिंगी दिसत नव्हती. तिनं योगराजला सांगून पाहिलं, ग्रामसभेत भांडून पाहिलं. शेवटी वैशाखातल्या एका सकाळी ती भूमिकाला घेऊन पाटलांच्या ओसरीवर आली.

भूमिका गोंदियाजवळच्या कुडव्याची. तलावांवर काम करणाऱ्या एका संस्थेत होती आणि स्कूटीवरून गावोगाव हिंडायची. तिनं पाटलांसमोर मोबाइल धरला. त्यात निळाशार समुद्र, अंगाला तेल लावल्यासारखी चमकणारी माणसं, आणि मधोमध चटईवर बसलेला एक जाडजूड म्हातारा.

"हे फिजी, काका. दूर समुद्रात बेटं आहेत. हे तिथले सरदार, म्हणजे तुमच्यासारखे पाटीलच."

पाटलांनी चष्मा लावला. "याचा तलाव किती एकराचा?"

"तलाव नाही, समुद्र आहे काका. किनाऱ्याजवळचा भाग यांच्या घराण्याच्या देखरेखीत."

"समुद्र? अना मालगुजारी काढाचा कायदा नाई लागला त्याईले?"

"तो नाही लागला."

पाटील बराच वेळ त्या म्हाताऱ्याकडे आपल्या हिश्शाची जमीन बळकावलेल्या भाऊबंदाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"निवडणुकीतबी उभा राहते का?"

"काही सरदार राहतात. काही नुसते पाठीशी उभे राहतात. पण ऐका ना काका, त्यांच्यात सरदार वारला की तेवढ्या भागात शंभर रात्री मासेमारी बंद. त्याचा मान म्हणून. आणि तेवढ्या दिवसांत मासे वाढतात."

"मंग त्यात नवं काय हाय?" धुरपता म्हणाली. "आपल्याइथंबी होतं. या पाटलायचा बाप मेला तवा तलावाले सुतक लागलं होतं. मंडईपर्यंत जाळं नाई. गळ टाका, हातानं धरा, पन जाळं नाई. मी लहान होती. त्या मंडईले अशी मरळ निघाली का माह्या बापाले दोन्ही हातानं धरा लागली."

हे खरं होतं. तलाव बांधणाऱ्या घरचा कर्ता पुरुष गेला की पुढच्या मंडईपर्यंत पाण्यात जाळं उतरत नसे. ठेका कोणाचाही असो, हे सुतक मोडायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

धुरपता पाटलांना नीट न्याहाळत होती, बाजारात मासा न्याहाळावा तशी.

"मंग पाटील," ती म्हणाली, "तुमचा काई इचार?"

"कायचा?"

"मराचा."

भूमिकाला ठसका लागला. पाटील मात्र रागावले नाहीत. प्रश्न रास्त होता. पण तब्येत ठणठणीत होती. त्या बाबतीत घराणं पहिल्यापासून हट्टी.

दोघी गेल्यावरही पाटील तिथंच बसून होते. फिजीचा तो म्हातारा त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांच्या मनात आलं, आपला एक चुलत आजा काशीला जाऊन स्वतःचं श्राद्ध स्वतः उरकून आला होता. मुलांवर भरवसा नव्हता म्हणून. परत आल्यावर तो पुढं कितीतरी वर्षं जगला आणि घरच्यांना रोज सांगायचा, मी मेलो आहे, मला काम सांगू नका.

जेवायच्या वेळी त्यांनी बायकोला सांगितलं, "सुभद्रे, मी मरतो म्हंतो."

"आधी जेवून घ्या. भात थंडा होऊन राहिला."

"गंमत नाई. जिवंतपनी तेरवी करतो. तलावाले सुतक लागन. मंडईपर्यंत जाळं बंद."

सुभद्राबाईंनी वरणाची वाटी खाली ठेवली. "अना मी काय करू? कुकू पुसू?"

याचा विचार पाटलांनी केला नव्हता. त्यांच्या बऱ्याच योजनांत ही एवढीच जागा रिकामी राहत असे.

"कुकू राहील," सुभद्राबाईंनीच निकाल दिला. "तुमी मरा खुशाल. पन आयका, मेल्यावर तोरन नाई, नारळ नाई, अक्षता नाई. जमन का तुमाले?"

"न जमाले काय झालं?" पाटील म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

क्रियाकर्मासाठी भटजी, महाराज दुर्गाप्रसाद, गोंदियाहून आले. त्यांनी पोथी चाळली, पाटलांची नाडी पाहिली आणि "शास्त्र में मना नहीं है, पर मरनेवाले को खुद पत्तल परोसते हम पहली बार देखेंगे" एवढंच म्हणाले. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा, अश्विनचा, फोन आला. "बाबा, हे काय चालवलंय? ऑफिसातले लोक माझं सांत्वन करून राहिलेत. मला रजा मंजूर झाली!" पाटलांनी त्याला आलेली रजा वाया घालवू नकोस, असा सल्ला दिला.

तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या पंगतीला, आख्खं गाव जेवलं. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. पाटील कोरं धोतर नेसून पंगतीत फिरत होते आणि स्वतःबद्दल लोक काय चांगलं बोलतात ते ऐकत होते. फारसं कोणी काही बोललं नाही, बुंदीकडेच लक्ष होतं. योगराजही आला. म्हाताऱ्याला खूळ लागलं आहे तर जेवायला काय हरकत, असा त्याचा हिशेब. त्यानं बुंदी दोनदा मागून घेतली.

हात धुऊन लोक पानसुपारीला बसले तेव्हा धुरपता उठली.

"आयका गा सारे. पाटील गेले. आजपासून तलावाले सुतक. मंडईपर्यंत जाळं नाई."

योगराजच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "अरे, क्या बात करती? कोन गेले? पाटील तं समोर बसून पान खाऊन राहिले!"

"तू कायले आला होता मंग?"

"जेवाले."

"कायचं जेवन होतं?"

योगराजनं सुपारी तबकात परत ठेवली.

"कोनाची तेरवी जेवला, सांग ना गा. दोनदा बुंदी घेतली तू. आमी काई आंधळे नाई."

म्हाताऱ्या मंडळींनी माना हलवल्या. यात वादाला जागा नव्हती. ज्यानं तेरवीचं अन्न खाल्लं त्यानं मरण मानलं. इथं पूर्वापार तसंच आहे. मेलेला माणूस समोर पान खातो आहे ही अडचण होती खरी, पण खाल्लेली बुंदी परत देता येत नाही ही त्याहून मोठी.

योगराज ठेकेदार होता, मूर्ख नव्हता. त्यानं दोन क्षण विचार केला आणि हसला. "ठीक हाय. मानलं. पाटील मेले. पन मेलेला मानूस मान घेते का? नाई घेत. तं ज्या दिवशी पाटील कोनताबी मान घेतीन, त्या दिवशी ते जिवंत. सुतक खतम. माहं जाळं पान्यात. मंजूर?"

हेही न्यायाचंच होतं. गावानं मान डोलावली. पाटलांनीही डोलावली, पण योगराज त्यांच्याकडे ज्या मायेनं पाहत होता ते त्यांना आवडलं नाही. बकऱ्याकडे लोक असंच पाहतात.

मेल्यानंतरचे पहिले काही दिवस बरे गेले. मग जड जाऊ लागले. शेजारी लग्न निघालं. पहिली अक्षता भलत्याच कोणी टाकली, आणि तीही वेडीवाकडी. पाटील मांडवाबाहेर चपलांपाशी उभे राहून बघत होते. दोन पोरं त्यांना पाहून "भूत, भूत" करत पळाली. मागं सगळे उठून जागा देत. आता कोणी उठत नसे. भुतानं बसायचं कुठं याचा काही रिवाज नव्हता.

त्यात सरपंचाच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले. योगराज स्वतः उभा राहणार होता. शिवाय आणखी दोघं. तिघंही आळीपाळीनं विड्यासाठी ओसरीवर आले. पाटील खाटेवर डोळे मिटून पडून राहायचे.

"पाटील आहेत का?" एकानं विचारलं.

"गेले ते," सुभद्राबाई तांदूळ निवडत म्हणाल्या.

"कुठं?"

"तिथंच, खाटेवर."

उमेदवार थोडा वेळ उभा राहून, प्रेताला नमस्कार करून परत गेला. आणि मग मोहबांधात एक विचित्र गोष्ट घडली. आजवर पाटील सगळ्यांना विडा देत, तेव्हा ते कोणाच्या बाजूचे याची कोणालाच चौकशी नव्हती. आता ते कोणालाच देत नव्हते, तर लोक पारावर बसून त्याचा अर्थ लावू लागले. "योगराज आला तवा पाटलानं कूस बदलली म्हंतात." "तिकडं का इकडं?" "भिंतीकडं." "मंग खतम गा त्याचं." एवढं राजकीय वजन पाटलांना जिवंतपणी कधी लाभलं नव्हतं. खाटेवर डोळे मिटून ते सगळं ऐकत आणि कूस जपून बदलत.

पाऊस लागला. तलाव भरला, उथळ बाजूच्या गवतात पाणी शिरलं. ढिवरांच्या बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून माशांची जागा अडवणारी बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली. पाटील रोज पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाऊन बसत. मेलेल्या माणसाला दुसरं काम काय?

एका सकाळी धुरपतानं त्यांना हाक मारली. "पाटील, इकडं या. हळू."

गवतापाशी पाण्यात लालसर ढग हलत होता. कुंकू सांडल्यासारखा. पाटील वाकले. तो ढग म्हणजे मरळीची पिल्लं होती, तांदळाएवढी, एकमेकांना चिकटून फिरणारी. आणि खाली काळोख्या पाण्यात त्यांची आई होती, हलायला तयार नाही अशी. बायका इतक्या जवळ उभ्या होत्या तरी ती हलली नाही.

"आता योगराजचं जाळं आलं तं एका घासात जाईन हे," धुरपता म्हणाली. नेहमीचं हसणं तिच्या तोंडावर नव्हतं. "मंडईपर्यंत मोठे होतीन. तवर मेलेले राहा बाप्पा."

पाटील बराच वेळ पाण्यात बघत राहिले. ती आई पाटलांना विसरता आली नाही. तिलाही कोणी उठून जागा देत नव्हतं.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी गावात मोठा फलक लागला. त्यावर चैतराम पाटलांचा फेटा घातलेला फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं: मोहबांधचे तलावरक्षक, पाटील चैतराम डोंगरवार यांचा भव्य सत्कार. प्रमुख पाहुणे, तालुक्याचे साहेब. निमंत्रक, योगराज.

पाटील त्या फलकासमोर तीनदा गेले. तिन्ही वेळा काही कामानिमित्त.

गावातला मान सगळा वाडवडिलांचा होता. त्यात चैतराम पाटलांचं स्वतःचं काही नव्हतं. बाहेरच्या कोणी त्यांचं नाव छापून त्यांना कधी शाल दिली नव्हती. ही गोष्ट योगराजला बरोबर ठाऊक होती.

"जाता का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"झेंड्याले तं जावाच लागते. झेंडा सुतक पाळत नाई."

"अना फेटा?"

"ऊन हाय."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. सुभद्राबाईंनीही ठेवणीतलं लुगडं काढलं.

ग्रामपंचायतीच्या अंगणात झेंडा झाला. मुलांना बुंदी वाटली गेली. योगराजनं या वेळी घेतली नाही. पाटील तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसले होते. तिथून पाळीखाली उभा असलेला टेम्पो दिसत होता, आणि त्यात रचलेलं निळं जाळं. टेम्पोचं तोंड तलावाकडे होतं.

योगराजनं माइक घेतला. तो काय बोलला ते पाटलांना नीट ऐकू येत नव्हतं, कारण ते फार चांगलं होतं. सात पिढ्या. पाण्याचा राजा. ज्यांनी हा तलाव मुलासारखा जपला. साहेबांच्या हातात मोरपंखी रंगाची शाल होती. जरीचा काठ. "मी विनंती करतो, आमचे परमपूज्य चैतराम पाटील यांनी व्यासपीठावर यावं!"

चैतराम पाटील उभे राहिले.

धुरपतानं डोळे मिटून घेतले. टेम्पोवाल्यानं चावी फिरवली. त्याला तसं सांगून ठेवलेलं असावं. योगराजच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तो पाहून साहेबांनाही हसू आलं.

पाटलांनी एक पाऊल पुढं टाकलं. पाळीकडे पाहिलं. मग फेटा काढला, खुर्चीवर ठेवला, हात समोर जोडले, मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले. हलेनात.

कोणाला काही कळेना. सुभद्राबाईंना कळलं, एकाच ताटाजवळ इतकी वर्षं बसलेल्या बाईला कळतं. त्या उठल्या आणि तशाच मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग धुरपता. मग ढिवरांच्या सगळ्या बायका, मग म्हातारी मंडळी, मग खुर्च्या सरकवत सारं गाव. साहेबांची अर्धी नोकरी अशा कार्यक्रमांत गेली होती. समोर सगळे हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले की आपणही उभं राहायचं, कोण गेलं ते नंतर विचारायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. ते उठले. शाल हातात तशीच. योगराज एकटा कसा बसणार? तोही उभा राहिला.

अशा रीतीनं चैतराम पाटलांच्या श्रद्धांजलीला चैतराम पाटील सगळ्यात आधी उभे राहिले.

"ओम शांती," शेवटी साहेबांनीच माइकवर म्हटलं. "दिवंगत आत्म्यास शांती लाभो. गावाची मोठी हानी झाली. कोण होते?"

"पाटील," धुरपता ओरडली. "ज्यायचा सत्कार हाय ते!"

साहेबांनी फलकाकडे पाहिलं, मग योगराजकडे रागानं. मरणोत्तर कार्यक्रम आहे हे आधी सांगायला नको? तसं भाषण वेगळं असतं. "त्यांच्या घरचं कोणी?"

सुभद्राबाई पुढं गेल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. साहेबांना क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण रीतिरिवाजांत पडू नये हेही त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी शाल सुभद्राबाईंच्या खांद्यावर घातली, नारळ दिला, आणि "धीर धरा" म्हणाले.

"धरूनच राहिली जी," सुभद्राबाई म्हणाल्या.

टाळ्या सगळ्यात जोरात तिसऱ्या रांगेतून आल्या. टेम्पो थोडा वेळ घुरघुरत उभा राहिला आणि मग मागं वळून निघून गेला.

घरी आल्यावर पाटील शालीभोवती घोटाळत राहिले. "काठ असली जरीचा हाय का पाहू दे. नुसता खांद्यावर घेतो. इथं कोन पाहून राहिलं?"

"मंडई होऊ द्या," सुभद्राबाई म्हणाल्या आणि शाल पेटीत टाकून त्यावर बसल्या.

पोळ्याचं तोरण त्या वर्षी सुभद्राबाईंनी तोडलं. पाटलांपेक्षा सरळ तुटलं, असं लोक म्हणाले. पाटलांनी ते ऐकलं नाही, कारण मेलेल्याला ऐकू येत नाही.

मग दिवाळी झाली आणि मंडई भरली. दंडार नाचणाऱ्यांचे ढोल वाजू लागले आणि ढिवरांनी आपलं जुनं, मोठ्या डोळ्यांचं जाळं तलावात सोडलं. योगराजचं बारीक जाळं निघालंच नाही. निवडणूक तोंडावर होती, तो मतं मागत फिरत होता, आणि पाटील कोणत्या कुशीवर झोपतात ते बायका घरोघर सांगत होत्या. जाळं ओढलं तेव्हा आत मरळ उसळत होती, शिंगी होती, आणि ज्यांची नावं फक्त म्हाताऱ्यांनाच आठवत होती असे दोन-तीन मासेही होते. रिवाजाप्रमाणे पहिला मासा पाटलांच्या घरी जायचा. चैतराम पाटील स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून, दोन्ही हात पुढं करून पाळीवर उभे होते.

धुरपता दोन्ही हातांत मरळ धरून आली, त्यांच्यासमोरून पुढं गेली आणि तिनं ती मागं शाल पांघरून उभ्या असलेल्या सुभद्राबाईंच्या हातात दिली. पाटलांच्या हातात सुभद्राबाईंनी पिशवी दिली.

"धुरपता," पाटील खाकरले. "मंडई झाली. सुतक फिटलं. आता तरी मी जिवंत ना?"

धुरपतानं त्यांना पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घाई कायले करता पाटील?" ती म्हणाली. "पुढच्या आखाडातबी पिल्लं होतीनच ना."

पाटलांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं. त्या शालीचा काठ सारखा करत होत्या.

"तेरवीले बुंदी राहू द्या या वेळी," त्या म्हणाल्या. "जिलेबी करू."